भंडाऱ्याची वेळ कोण सांगते?

‘किती वाजले?’ हा प्रश्न आपण दिवसातून कितीतरी वेळा विचारतो आणि मिळालेले उत्तर क्वचितच तपासून पाहतो. ज्याच्या मनगटावर घड्याळ आहे त्याचे म्हणणे प्रमाण मानून मोकळे होतो. वस्तुतः हा प्रश्न विचारताना आपण एका अधिकाराला मान्यता देत असतो. हा अधिकार कोणाकडे असावा यावरून आपल्या देशात सभा झाल्या, वर्तमानपत्रांतून वादंग माजले आणि मुंबईच्या गिरण्यांच्या दारांत प्रक्षोभही झाला. आज हाच प्रश्न एक संगणक दुसऱ्या संगणकाला विचारतो. त्या प्रश्नोत्तराची रीत समजून घेतली, तर मागील दीडशे वर्षांचा इतिहास एका नव्या प्रकाशात दिसू लागतो. त्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

संगणकावर चित्रे नसलेला, केवळ अक्षरे उमटणारा एक पडदा असतो. तेथे आज्ञा टंकित करायची व उत्तर ओळीनेच वाचायचे. या पडद्यावर ‘एनटीपीडेट’ हे नाव, त्यापुढे एक आडवी रेघ व ‘क्यू’ हे अक्षर, आणि शेवटी वेळ देणाऱ्या सर्व्हरचे नाव लिहिले, की संगणक त्या सर्व्हरला वेळ विचारतो. सर्व्हरचे नाव म्हणून ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग’ असे लिहिले, तर प्रश्न नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे जातो. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे दायित्व याच संस्थेवर आहे. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तराची ओळ उमटते : तुमचे घड्याळ अमुक इतके मागे, अथवा अमुक इतके पुढे. ही आज्ञा आता जुनी झाली असून ‘एसएनटीपी’ नावाच्या आज्ञेने तिची जागा घेतली आहे. ‘क्रोनी’ नावाची व्यवस्थाही बरीच रूढ आहे. विचारण्याचा प्रकार मात्र तोच राहिला आहे.

त्या ‘क्यू’ अक्षरात एक मर्म आहे. ते लिहिले तर संगणक केवळ विचारतो, आपले घड्याळ बदलत नाही. ते गाळले तर विचारतो आणि बदलतोही. आणि बदलण्यासाठी त्या यंत्रावर प्रशासकाचा अधिकार असावा लागतो. विचारणे सर्वांना खुले आहे, बदलणे ज्याला अधिकार आहे त्यालाच. वेळेच्या इतिहासात नेमक्या याच दोन गोष्टींची वारंवार गल्लत झाली आहे, हे पुढे दिसेल.

आपल्या भागात पूर्वी वेळ कोणी कोणाला विचारीत नसे असे नाही; पण विचारण्यासाठी गावाबाहेर जावे लागत नसे. दिवसरात्रीचे आठ प्रहर, साठ घटका; एका घटकेची साठ पळे. आजच्या मापाने घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचे. घटका मोजण्याचे साधन म्हणजे घटिकापात्र : बुडाला बारीक छिद्र असलेली धातूची वाटी. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत ठेवायची. छिद्रातून पाणी आत शिरत शिरत वाटी बुडाली की एक घटका झाली. ‘घटका भरली’ हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग तेथूनच आला. तो उच्चारताना ती वाटी आता कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, एवढेच. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा येथे तरी तिचे विस्मरण होऊ नये. पुष्कळ घरांत लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी ती वाटी अगदी अलीकडेपर्यंत पाण्यात सोडीत असत.

घटकांची ही मोजणी सूर्योदयापासून सुरू होई, आणि सूर्य प्रत्येक गावाचा निराळा. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. भंडारा पूर्व रेखांश सुमारे ७९.६५ अंशांवर, तर मुंबई सुमारे ७२.८३ अंशांवर वसली आहे. या हिशेबाने भंडाऱ्याची मध्यान्ह मुंबईच्या मध्यान्हीपेक्षा सुमारे सत्तावीस मिनिटे आधी होते, म्हणजे एका घटकेहून थोडी अधिक. बैलगाडीच्या युगात या अंतराची कोणाला फिकीर असण्याचे कारण नव्हते. वैनगंगेकाठचा माणूस मुंबईस पोहोचेपर्यंत इतके दिवस लोटत, की घटकेचा हिशेब कोण ठेवणार?

हा हिशेब आगगाडीने ठेवायला लावला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. तेथून पूर्वेकडे नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटर मापाचा लोहमार्ग १८८० मध्ये तुमसर रोडवरून राजनांदगावपर्यंत खुला झाला. पुढे तो बंगाल नागपूर रेल्वेने घेऊन रुंद केला. हा मार्ग भंडारा शहरातून गेला नाही. भंडारा रोड हे स्थानक वरठी येथे, शहरापासून काही कोसांवर आहे. एकेरी लोहमार्गावर दोन स्थानकांची घड्याळे एकमेकांशी जुळत नसतील तर काय अनर्थ ओढवेल, हे सांगणे नलगे. म्हणून रेल्वेला सर्व देशासाठी एकच वेळ हवी होती, आणि १८७० च्या सुमारास तिने मद्रासची वेळ स्वीकारली.

मद्रासच का? तेथे ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा १७९२ पासून होती, आणि गोल्डिंगहॅम या ज्योतिर्विदाने १८०२ मध्ये तिचे रेखांश निश्चित करून ग्रिनिचपासूनचे अंतर पाच तास एकवीस मिनिटे ठरविले होते. शिवाय मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे व कलकत्त्याच्या सुमारे तेहतीस मिनिटे मागे. दोन्ही मोठ्या शहरांच्या मधोमध, म्हणून दोघांनाही सारखीच गैरसोयीची. ही वेळ तारायंत्राने स्थानकांना कळविली जाई. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत आजही असे कलम आहे की, गाड्यांचे संचालन सरकारने ठरविलेल्या प्रमाणवेळेनुसार व्हावे आणि ती वेळ दररोज १६.०० वाजता सर्व प्रमुख स्थानकांना कळविली जावी. दुपारी चारच्या ठोक्याला येणारा तो संकेत आणि संगणकाने सर्व्हरला विचारलेली वेळ यांचे गोत्र एकच. भेद इतकाच की तारमास्तराला प्रश्न विचारता येत नसे. जे येईल ते घेऊन काटे जुळवायचे.

आता एक चमत्कारिक योगायोग पाहा. मद्रासचे रेखांश सुमारे ८०.२५ अंश. भंडाऱ्याचे आणि त्याचे अंतर जेमतेम सहा दशांश अंश, म्हणजे सुमारे अडीच मिनिटे. आपल्या जुन्या मापाने सहा पळे. साऱ्या हिंदुस्थानावर रेल्वेने एक परकी वेळ लादली असे म्हणतात ते खरे आहे. पण भंडारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर ही परकी वेळ आणि येथील सूर्य यांच्यात फरक असा जाणवण्याजोगा नव्हताच. भंडारा रोडवर मनगटी किंवा खिशातले घड्याळ लावून घेतलेला प्रवासी बोरीबंदरला उतरून शहरात शिरे, तेव्हा मात्र शहरातील घड्याळे अर्धा तास मागे पाहून गोंधळून जाई. स्थानकाच्या आत मद्रास, बाहेर मुंबई.

मुंबईने आपली वेळ सहजासहजी सोडली नाही. १८८१ मध्ये मुंबई सरकारने आपल्या कचेऱ्यांत मद्रासची वेळ सुरू केली. नागरिकांनी तिला इतका विरोध केला की १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. पुढे १९०५ मध्ये हिंदुस्थान सरकारने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे अशी एक प्रमाणवेळ ठरविली. ८२.५ अंश रेखांशाची ही वेळ, जी रेषा मिर्झापूरजवळून जाते. १ जानेवारी १९०६ पासून ती अमलात आली. काळ मोठा नाजूक होता. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, स्वदेशीचे वारे वाहू लागलेले. अशा वेळी सरकारने घड्याळाला हात घातला. मुंबईकरांना आपले काटे एकदम एकोणचाळीस मिनिटे पुढे सारावे लागणार होते.

सुशिक्षितांनी या प्रश्नाकडे स्वाभिमानाच्या दृष्टीने पाहिले आणि इतिहासकारही बहुधा तेवढेच लिहितात. मला मात्र गिरणी कामगाराची बाजू अधिक वजनाची वाटते. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाने सहाला वाजला म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पाच एकवीसला वाजला. जानेवारीच्या अंधारात, थंडीत, चाळीतून बाहेर पडण्याची वेळ पाऊण तासाच्या आसपास अलीकडे आली. ज्याच्या घरी विजेचा दिवा नाही त्याला रेखांशाचे शास्त्र सांगून काय उपयोग? त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी उघड प्रतिकार केला. मुंबई महापालिकेने तर त्याच वर्षी आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ ठेवण्याचे ठरविले, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे त्या शहरात दोन वेळा नांदत होत्या. कलकत्त्यानेही आपली निराळी वेळ १९४८ पर्यंत सांभाळली.

भंडाऱ्यात यांपैकी काही घडण्याचे कारण नव्हते. रेल्वेच्या घड्याळाला मद्रासच्या वेळेवरून प्रमाणवेळेवर येताना केवळ नऊ मिनिटे पुढे जावे लागले. येथील सूर्य आणि नवे घड्याळ यांच्यात सुमारे साडेअकरा मिनिटांचे अंतर राहिले, म्हणजे अर्ध्या घटकेहूनही कमी. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईने त्याची दखल घ्यावी असे त्यात काही नव्हते. खरे म्हणजे सूर्य स्वतःच वर्षभर एका वेळेला माथ्यावर येत नाही. पृथ्वीच्या कक्षेमुळे व तिच्या अक्षाच्या कलामुळे भंडाऱ्याची मध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी घड्याळात अकरा पंचावन्नच्या सुमारास होते, आणि फेब्रुवारीच्या मध्याला बारा पंचवीस उलटून गेल्यावर. अर्ध्या तासाचा हा हेलकावा निसर्गच घालतो. परंतु तो रोज काही सेकंदांनी घालतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

नेमके हेच शहाणपण संगणकाच्या आज्ञेत उतरले आहे. ‘एनटीपीडेट’ला घड्याळ दुरुस्त करण्यास सांगितले आणि चूक अर्ध्या सेकंदाहून अधिक निघाली, तर ती काटा एकदम योग्य जागी उडी मारून नेते. चूक त्याहून कमी असेल तर ती घड्याळाची गती किंचित वाढवून अथवा कमी करून काटा हळूहळू जागेवर आणते. उडी धोक्याची असते, मागे मारलेली तर फारच. घड्याळ मागे उडाले की तोच क्षण दोनदा येतो, आणि एखाद्या बँकेच्या नोंदवहीत आधी पैसे काढले की भरले हे सांगता येत नाही. मुंबईला १९०६ मध्ये मारावी लागली ती अशीच उडी. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ रोजी, सर्व देशाने एक तासाची उडी पुढे मारली आणि १५ ऑक्टोबर १९४५ रोजी तितकीच मागे. सर्वांत मोठी उडी मात्र १५८२ ची. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेने ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानला गेला. येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांनी त्या सुधारणेचे गणित मांडण्यात व पुढे तिचे समर्थन करण्यात मोठा वाटा उचलला. गणित अचूक असूनही इंग्लंडने ती दिनदर्शिका स्वीकारण्यास १७५२ पर्यंत वेळ घेतला; कारण ती आज्ञा रोमहून आली होती. विचारणे आणि बदलणे यांतला भेद तो हाच.

संगणकांनी एकमेकांना वेळ विचारण्याची जी रीत आज जगभर चालते तिला ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ म्हणतात. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी ती घडविली. तिचा पहिला अधिकृत मसुदा १९८५ चा आहे. मिल्स यांना जन्मापासून काचबिंदू होता. बालपणी एका डोळ्याची काही दृष्टी शस्त्रक्रियेने वाचली, ती उतारवयात पूर्ण गेली. ज्यांना स्वतःला भिंतीवरचे घड्याळ दिसत नव्हते त्यांनी जगातील यंत्रांची घड्याळे जुळवून दिली. १७ जानेवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यापुढचा पेच समजण्यास सोपा आहे. दिल्लीला वेळ विचारली आणि ‘दहा वाजले’ असे उत्तर आले. पण ते उत्तर वाटेत असताना जो वेळ गेला त्याचे काय? तारमास्तराला या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मिल्स यांच्या रीतीत चार नोंदी होतात : प्रश्न निघाला ती वेळ, सर्व्हरला पोहोचला ती वेळ, उत्तर निघाले ती वेळ आणि परत आले ती वेळ. पहिली व चौथी आपल्या घड्याळाची, मधल्या दोन सर्व्हरच्या. एक उदाहरण घेऊ. आपल्या घड्याळात बरोबर दहा वाजता प्रश्न निघाला. सर्व्हरने आपल्या घड्याळात दहा वाजून २.०३० सेकंदांनी तो घेतला व २.०३१ ला उत्तर धाडले. आपल्याकडे ते दहा वाजून ०.०६१ सेकंदांनी आले. जाण्यायेण्यात एकूण ०.०६१ सेकंद गेले, त्यांतील ०.००१ सर्व्हरकडेच मोडले. म्हणजे प्रवासाचे ०.०६०. जाताना घड्याळांतील फरक दिसतो २.०३० आणि येताना १.९७०. दोहोंची सरासरी २. आपले घड्याळ दोन सेकंद मागे आहे.

या गणितात एक गृहीत आहे, आणि ते लपवून ठेवलेले नाही : जाण्याची वाट आणि येण्याची वाट सारख्याच वेळाची असावी. ती तशी नसेल तर उत्तरात चूक येते, जास्तीत जास्त त्या प्रवासाच्या निम्मी. म्हणूनच आज्ञा फरकाबरोबर प्रवासाचा काळही छापते. उत्तराबरोबर त्याचा किती भरवसा धरावा हेही सांगणारा साक्षीदार न्यायालयातदेखील विरळाच!

त्याच ओळीत ‘स्ट्रॅटम’ या नावाखाली एक अंक येतो. अणुघड्याळ हे शून्य. त्याला थेट जोडलेला सर्व्हर एक. त्याला विचारून वेळ सांगणारा दोन. असे करीत पंधरापर्यंत. सोळा म्हणजे ज्याला स्वतःलाच वेळ ठाऊक नाही असा. हा अंक ऐकीव माहिती किती तोंडांतून आली हे सांगतो. दिल्लीच्या प्रयोगशाळेत मुळाशी सीझियमची अणुघड्याळे आहेत. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९ अब्ज १९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलनांनी केली जाते; सूर्याचा तिच्याशी थेट संबंध उरलेला नाही. आणखी एक गंमत अशी की सर्व्हर भारतीय वेळ सांगतच नाही. तो जागतिक समन्वित वेळ सांगतो; त्यात साडेपाच तास मिळवण्याचे काम आपल्या टेबलावरील संगणक करतो. १९०६ चा तो सारा वाद आता यंत्राच्या एका सेटिंगमध्ये मावला आहे.

हे सर्व जाणून भंडाऱ्याच्या माणसाला काय करायचे, असे कोणी विचारील. जुन्या संगणकाच्या पोटातील नाण्याएवढी बॅटरी संपली की त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग सातबारा काढायला बसलेल्या शेतकऱ्यापुढे संकेतस्थळ उघडत नाही. कारण त्या स्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र यंत्राच्या मते अजून जन्मालाच आलेले नसते. दोष लोक इंटरनेटला देतात. एका ओळीची ती आज्ञा दिली तर दोष कोठे आहे हे क्षणात कळते. परीक्षेचा अर्ज, निविदा, शासकीय योजनेची नोंदणी, अंकित स्वाक्षरी, सर्वांवर वेळेचा शिक्का असतो, आणि मुदत संपली की नाही हे अर्जदाराचे घड्याळ नव्हे, सर्व्हरचे घड्याळ ठरविते. गिरणीच्या भोंग्यावर जसा कामगाराचा हक्क नव्हता तसा या घड्याळावर अर्जदाराचा नाही. पण त्याला ते आधी विचारून पाहता येते, हा फरक लहान नव्हे.

अधिकाराचा प्रश्न तर पुन्हा नव्याने उभा राहिला आहे. देशातील पुष्कळ यंत्रणा वेळ घेत होत्या त्या परदेशी सर्व्हरांकडून किंवा अमेरिकेच्या उपग्रहांकडून. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने निर्देश काढला की, सेवा पुरविणाऱ्या कंपन्या, डेटा केंद्रे व शासकीय संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडावीत. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सर्व व्यवहारांत सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला. यात अनुचित काही आहे असे मला वाटत नाही. तथापि एक उणीव लक्षात ठेवावी. या रीतीची साधी प्रश्नोत्तरे उघड्या पोस्टकार्डासारखी असतात. वाटेत कोणी खोटे उत्तर घुसविले तर ओळखणे कठीण. त्यावरचा उपाय, म्हणजे उत्तरावर गुप्त मोहोर उठविण्याची पद्धत, २०२० मध्ये प्रमाणित झाली. ती अजून सर्वत्र पोहोचलेली नाही.

संगणकांच्या या वेळेचा आरंभबिंदू १ जानेवारी १९०० हा मानला आहे. त्या क्षणापासूनचे सेकंद मोजून सर्व्हर उत्तर देतो. त्या पहाटे भंडारा रोडच्या घड्याळात पाच वाजून एकवीस मिनिटे झाली होती, कारण तेथे अद्याप मद्रासची वेळ होती. भारतीय प्रमाणवेळ जन्मायला काही वर्षे अवकाश होता. सेकंदांचा हा आकडा ठेवण्यासाठी जेवढी जागा नेमली आहे ती ७ फेब्रुवारी २०३६ रोजी भरेल आणि मोजणी पुन्हा शून्यावर येईल. नव्या प्रणालींत ‘युग’ मोजण्याची सोय असल्याने त्या निभावून नेतील. जुन्या, कोणी लक्ष न दिलेल्या यंत्रांचे सांगवत नाही. ही घटका भरेल तेव्हा आपल्या घड्याळांत सकाळचे अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटे आणि सोळा सेकंद झालेले असतील, आणि भंडाऱ्यात सूर्य माथ्यावर यायला आणखी सत्तावीस मिनिटे असतील.